विषाणूंचा सामूहिक प्रसार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विषाणू एकेकटे न पसरता गटाने पसरतात, असे वाचनात आल्यावर वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला मूलभूत प्रश्न आहेत आणि अवघड अपवाद शेवटी आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे असा प्रयत्न केला आहे. जेथे एखादा मुद्दा अन्यत्र विस्ताराने आला आहे, तेथे केवळ त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एक विषाणू एका पेशीत शिरतो, असेच आम्ही शाळेत शिकलो. मग ‘सामूहिक प्रसार’ म्हणजे नेमके काय?

शाळेतले चित्र चुकीचे नाही, अपुरे आहे. त्या चित्रात विषाणूचा एक कण पेशीच्या पटलाला चिकटतो, आत शिरून पेशीकडून आपल्या असंख्य प्रती काढून घेतो, आणि पेशी फुटली की त्या प्रती सुट्या होऊन आपापल्या वाटेने जातात. प्रत्यक्षात कित्येक विषाणूंचे कण पेशीतून निघतानाच एकत्र बांधलेले असतात, किंवा बाहेर पडल्यावर एकमेकांना चिकटतात, आणि पुढच्या पेशीत किंवा पुढच्या यजमानात (ज्याच्या शरीरात विषाणू वाढतो त्या जिवात) तसेच एकत्र उतरतात. अशा जथ्याला ‘सामूहिक संसर्ग एकक’ म्हणतात. स्पेनमधील व्हॅलेन्सिया विद्यापीठातील राफाएल सान्हुआन यांनी २०१७ मध्ये या संकल्पनेची पद्धतशीर मांडणी केली.

येथे एकच कसोटी महत्त्वाची आहे : एकाच पेशीत एकाच वेळी विषाणूचे एकापेक्षा अधिक जनुकसंच पोहोचले पाहिजेत. पुष्कळ विषाणू एकाच वेळी शरीरात शिरले, पण नंतर पांगून वेगवेगळ्या पेशींत गेले, तर त्याला गर्दी म्हणता येईल, सामूहिक संसर्ग म्हणता येणार नाही.

२. हे कण एकत्र राहतात तरी कसे? त्यांना बांधून ठेवणारे काय असते?

याचे एकच उत्तर नाही, कारण निसर्गात ही युक्ती अनेकदा आणि अनेक रीतींनी स्वतंत्रपणे घडून आलेली दिसते.

सर्वांत ठळक रीत पिशवीची आहे. पोलिओ, कॉक्सॅकी आणि सर्दीचा ऱ्हायनोविषाणू यांच्या कणांना स्वतःचे मेदाचे आवरण नसते. म्हणून ते पेशी फोडूनच बाहेर पडत असणार, असे दीर्घकाळ मानले जात होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील निहाल आल्तान-बोने यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवून दिले की, पेशी न फुटताही हे कण पेशीच्याच पटलापासून बनलेल्या पिशव्यांत भरून बाहेर पडतात. त्या पिशव्यांच्या पृष्ठभागावर फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा मेद असतो. तो पुढच्या पेशीवरील ग्राहकांशी (बाहेरून आलेली वस्तू पकडणाऱ्या प्रथिनांशी) जुळतो आणि पिशवीतला सगळा ऐवज एकाच पेशीच्या दाराशी येऊन पडतो.

दुसरी रीत साध्या चिकटण्याची. गुरांच्या तोंडात फोड आणणाऱ्या व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूचे कण पेशीतून सुटेच निघतात, पण लाळेसारख्या द्रवात त्यांच्या गुठळ्या होतात. (महाराष्ट्राशी याचे एक नाते आहे. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचे नाव मिळालेला आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने १९६५ मध्ये शोधलेला चांदीपुरा विषाणू याच प्रजातीतला, म्हणजे या विषाणूचा चुलतभाऊ आहे. मात्र गुठळ्यांचे प्रयोग चुलतभावावर झालेले आहेत, हे ध्यानात ठेवावे.)

तिसरी रीत दुसऱ्याच्या पाठीवर बसण्याची. पोलिओचे कण आतड्यातील जिवाणूंच्या पृष्ठभागाला चिकटतात, आणि एका जिवाणूवर बसलेले अनेक कण एकाच पेशीत उतरू शकतात. टेक्सासमधील ज्युली फायफर यांच्या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये दाखवले की, अशा वेळी दोन वेगवेगळ्या विषाणूंच्या जनुकांची सरमिसळ होण्याचे प्रमाणही वाढते.

किडींचे काही विषाणू प्रथिनांच्या घट्ट स्फटिकात स्वतःला गाडून घेतात (प्रश्न १२). काही विषाणू बाहेर पडण्याच्या भानगडीतच पडत नाहीत, तर एका पेशीतून शेजारच्या पेशीत थेट सरकतात (प्रश्न ११ आणि १७).

३. एवढी मोठी गोष्ट इतकी वर्षे शास्त्रज्ञांच्या लक्षात कशी आली नाही?

दोष काही अंशी मोजमापाच्या पद्धतीचा आहे. प्रयोगशाळेत पेशींचा सपाट थर वाढवून त्यावर विरल केलेले विषाणू सोडतात. जेथे संसर्ग होतो तेथे पेशी मरून एक पारदर्शक ठिपका उमटतो. रेनाटो डल्बेको यांनी १९५२ मध्ये प्राण्यांच्या विषाणूंसाठी ही पद्धत बसवली. एक ठिपका म्हणजे एक संसर्गक्षम कण, असे गृहीत धरले जाते. पण पन्नास कणांची पिशवी एकाच जागी पडली, तरी ठिपका एकच उमटणार. त्यामुळे जी पद्धत विषाणू मोजायला वापरली, तिनेच त्यांचे गट झाकून टाकले.

मात्र धागेदोरे जुने आहेत. साल्व्हाडोर लुरिया यांनी १९४७ मध्येच नोंदवले होते की, अतिनील किरणांनी निकामी झालेले जिवाणुभक्षी विषाणू एकेकटे मृतवत असतात, पण त्यांतले दोन किंवा अधिक एकाच जिवाणूत शिरले, तर ते पुन्हा वाढू लागतात. एकाची मोडलेली बाजू दुसरा भरून काढतो. पुढच्या सगळ्या संशोधनाचे बीज या निरीक्षणात होते. विषयाला नाव मिळायला मात्र सत्तर वर्षे लागली.

४. एकच विषाणू पेशी काबीज करू शकत असेल, तर गटाने जाण्याचा फायदा काय?

‘करू शकत असेल’ या शब्दांतच खरी मेख आहे, कारण बहुतेक कण एकट्याने ते करू शकत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेले कण आणि त्यांपैकी प्रत्यक्ष संसर्ग घडवणारे कण यांचे प्रमाण पाहिले, तर पोलिओच्या बाबतीत एका यशस्वी कणामागे तीस ते हजार कण वाया जातात. पोलिओसारख्या आरएनए विषाणूंची नक्कल उतरवण्याची यंत्रणा चुका करते आणि त्या सहसा दुरुस्त करत नाही, हे त्यामागचे एक कारण आहे.

इन्फ्लुएन्झाचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्याचा जनुकसंच आठ तुकड्यांत विभागलेला असतो आणि आठही तुकडे पेशीत कामाला लागल्याशिवाय नवे कण तयार होत नाहीत. अमेरिकेतील अॅनिस लोवेन यांच्या गटाने २०१९ मध्ये एका मानवी इन्फ्लुएन्झा विषाणूसाठी असे मोजले की, एका कणाने आणलेला कोणताही एक तुकडा पेशीत कार्यरत होण्याची शक्यता सरासरी ५८ टक्के असते. आठही तुकड्यांसाठी हा आकडा आठ वेळा गुणला, तर पूर्ण संच एकट्याने पोहोचवणारा कण शंभरात जेमतेम एक निघतो. तरीही फ्लू पसरतो, कारण शेजारच्या पेशीतून आलेल्या दुसऱ्या कणाकडे पहिल्याचा हरवलेला तुकडा असतो. गाव करी ते राव काय करी, ही म्हण येथे अगदी शब्दशः लागू पडते.

दुसरा फायदा वेळेचा आहे. पेशीत परका जनुकसंच शिरल्याची चाहूल लागताच ती इंटरफेरॉन (धोक्याचा इशारा देणारी प्रथिने) सोडून स्वतःला आणि शेजाऱ्यांना सावध करते. सान्हुआन यांच्या गटाने व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, गुठळीतून आलेले विषाणू पहिल्या काही तासांत वेगाने वाढतात आणि पेशीची सावध होण्याची तयारी पूर्ण होण्याआधीच पुढे निसटतात. ज्या कर्करोगी पेशींत ही सावधगिरीची यंत्रणाच बिघडलेली होती, त्यांत गुठळीचा हा फायदा दिसला नाही. फायदा नेमका कशामुळे होतो, हे या तुलनेने उघड केले.

५. शिंकेच्या एका थेंबात हजारो विषाणू असतात. तोही सामूहिक प्रसारच नव्हे काय?

बहुधा नाही. थेंब श्वासमार्गातील चिकट स्रावात पडला की त्यातले कण विरून पसरतात, आणि ते एकाच पेशीत उतरतील याची कोणतीही हमी राहत नाही. प्रश्न १ मधील कसोटी येथे लावावी. थेंबात मेलेल्या किंवा सुटलेल्या पेशीचा तुकडाच विषाणूंसह आला असेल, तर गोष्ट वेगळी. गोवराच्या बाबतीत प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी श्वासमार्गाच्या पेशींमध्ये, बाधित पेशींचे पुंजकेच्या पुंजके थरापासून सुटून पडताना दिसले आहेत.

६. लहान मुलांच्या जुलाबाशी याचा काय संबंध आहे?

रोटाविषाणू आणि नोरोविषाणू हे उलट्या-जुलाबाचे दोन मोठे कारक आहेत. ते सुट्या, उघड्या कणांच्या रूपात विष्ठेतून बाहेर पडतात, असे पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असे. आल्तान-बोने यांच्याच गटाने २०१८ मध्ये माणसांच्या आणि प्राण्यांच्या विष्ठेचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत या विषाणूंनी भरलेल्या पिशव्या शाबूत अवस्थेत सापडल्या. त्यानंतर उंदरांच्या पिलांना रोटाविषाणू दोन रूपांत देण्यात आला : काहींना पिशवीबंद आणि काहींना सुटा. पिशवीबंद विषाणूने संसर्गही अधिक परिणामकारकपणे झाला आणि जुलाबही अधिक तीव्र झाले.

याच गटाने २०२२ मध्ये आणखी एक अनपेक्षित गोष्ट पुढे आणली : हे आतड्याचे विषाणू उंदरांच्या लाळग्रंथींतही वाढतात आणि लाळेतून पसरू शकतात. अंगावर पिणाऱ्या पिलाकडून आईच्या स्तनग्रंथींपर्यंत विषाणू उलट्या दिशेने गेल्याचेही त्यात दिसले. ‘विष्ठेतून तोंडात’ ही एकच वाट गृहीत धरून आखलेली स्वच्छता पुरेशी आहे का, हा प्रश्न त्यामुळे रास्त ठरतो. पण हे प्रयोग उंदरांवरचे आहेत, आणि त्यावरून आईने बाळाला पाजणे थांबवावे असा अर्थ कोणीही काढू नये. स्तनपानाचे संरक्षण सिद्ध झालेले आहे.

७. विषाणू पिशवीत लपलेला असेल, तर प्रतिपिंडे त्याला पकडणार कशी? मग लस निरुपयोगी ठरत नाही का?

ठरत नाही, आणि याचा पुरावा कावीळ ‘अ’ देते. २०१३ मध्ये अमेरिकेतील स्टॅन्ली लेमन यांच्या गटाने दाखवले की, हिपॅटायटिस ए विषाणू रुग्णाच्या रक्तात पेशीपटलाचे पांघरूण ओढून फिरतो. एकेका पांघरुणाखाली साधारणपणे एक ते चार कण असतात. रक्तातील प्रतिपिंडे त्या पांघरुणाखालच्या कणाला बाहेरून हात लावू शकत नाहीत. तरीही या काविळीची लस उत्तम काम करते, आणि संसर्गाशी संपर्क आल्यानंतर लगेच दिली तरी उपयोगी पडते. कारण पांघरूण कायमचे नसते : विषाणू नव्या पेशीत शिरल्यावर ते विरघळते, आणि त्या टप्प्यावर प्रतिपिंडे त्याला गाठू शकतात. शिवाय बाधित पेशी ओळखून नष्ट करणाऱ्या टी-पेशींना पिशवीचा अडथळा होतच नाही.

येथे एक अपवादही नोंदवावा. हिपॅटायटिस ए यकृतातून पित्तमार्गे आतड्यात येतो, तेव्हा पित्तक्षार त्याचे पांघरूण काढून टाकतात आणि विष्ठेत तो उघडाच सापडतो. म्हणजे एकाच शरीरात एकच विषाणू रक्तात झाकलेला आणि विष्ठेत उघडा असतो. रोटा आणि नोरो यांच्या पिशव्या मात्र विष्ठेतही टिकतात.

रोटाची तोंडावाटे देण्याची लस आपल्या राष्ट्रीय लसीकरणात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली असून ती सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात देतात. तिचा मुख्य उद्देश तीव्र आजार आणि शरीरातील पाणी कमी होणे टाळणे हा आहे. लस घेतलेल्या बाळाला सौम्य जुलाब झाले, तर लस फसली असे समजू नये.

८. आमच्या गावात विहिरीत टीसीएल पावडर टाकतात आणि ओटी टेस्टही करतात. गटाने राहणाऱ्या विषाणूंवर क्लोरीन चालते का?

चालते, पण सुट्या कणांपेक्षा त्यांना अधिक वेळ आणि अधिक मात्रा लागते. गुठळीच्या बाहेरच्या बाजूचे कण क्लोरीन शोषून घेतात आणि आतले काही काळ सुरक्षित राहतात. पोलिओ आणि रिओ विषाणूंच्या गुठळ्यांवर १९७० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत हे स्पष्ट झाले होते. विषाणू मातीच्या किंवा मळाच्या कणात अडकलेले असतील, तरीही हेच घडते. म्हणून गढूळ पाण्यात नुसती पावडर टाकून भागत नाही. आधी तुरटीने किंवा गाळून पाणी निवळावे, मग क्लोरीन घालावे, आणि निदान अर्धा तास थांबावे. ओटी चाचणीत पिवळा रंग आला, याचा अर्थ पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे एवढाच; ते किती वेळ पाण्यात होते, हे ती चाचणी सांगत नाही.

दिल्लीतील १९५५-५६ ची काविळीची साथ या संदर्भात आठवावी. यमुनेच्या पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळले. पाण्यावर क्लोरीनची प्रक्रिया झालेली होती आणि त्यामुळे विषमज्वराची किंवा हगवणीची साथ आली नाही, पण काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण झाले. जिवाणू मेले, विषाणू वाचले. तो हिपॅटायटिस ई होता, हे पुष्कळ वर्षांनी साठवलेल्या नमुन्यांवरून कळले. त्या साथीत गुठळ्यांचा वाटा किती होता, हे कोणी मोजलेले नाही. जिवाणूंना पुरेशी पडणारी प्रक्रिया विषाणूंना पुरेशी पडेलच असे नाही, एवढाच बोध त्यातून घ्यावा.

घरातील अतिनील दिव्याच्या शुद्धीकरण यंत्राबाबतही हाच नियम लागू होतो. उंदरांच्या नोरोविषाणूवरील प्रयोगांत पिशवीबंद कणांनी सुट्या कणांपेक्षा अतिनील किरणांना कमी दाद दिली. शंका असेल तेव्हा पाणी खळखळून उकळावे. उकळण्यापुढे पिशवी, गुठळी आणि सुटा कण यांत भेद उरत नाही.

९. सॅनिटायझर की साबण?

उलट्या-जुलाबाच्या विषाणूंसाठी साबण आणि पाणी. अल्कोहोल मेदाचे आवरण मोडते, पण नोरोविषाणूच्या प्रथिनाच्या कवचावर त्याचा प्रभाव तोकडा पडतो. साबणही पिशवी फोडून आतले कण मोकळेच करील, असा आक्षेप काही वाचक घेतात. तो बरोबर आहे. परंतु हात धुण्याचे यश विषाणू मारण्यात नसून तो चोळून, सुटवून पाण्याबरोबर वाहून नेण्यात आहे.

१०. नोरोविषाणूचे फक्त १८ कण आजारी पाडायला पुरतात, असे सर्वत्र छापलेले असते. ते खरे आहे का?

हा आकडा आम्हाला फार वेळा विचारला जातो, आणि तो अर्धवट उद्धृत केला जातो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्वयंसेवकांना विषाणू पाजून केलेल्या अभ्यासात दिलेल्या द्रावणातले कण गुठळ्यांत होते, आणि एका गुठळीत सरासरी शेकडो कण होते. निम्म्या संवेदनशील माणसांना बाधा होण्यासाठी लागणारी मात्रा सर्व कण सुटे असल्याचे धरले तर १८, आणि गुठळ्या जशाच्या तशा धरल्या तर सुमारे एक हजार, असा तो हिशेब होता. पुढे २०१४ मध्ये झालेल्या दुसऱ्या अभ्यासातही आकडा हजाराच्या वरच आला. वृत्तपत्रांनी मात्र लहान आणि धक्कादायक आकडा उचलला. नोरोविषाणू अत्यंत सांसर्गिक आहे यात वाद नाही. पण विषाणू गटाने येत असतील, तर ‘किती कण’ या प्रश्नाला ‘किती गुठळ्यांत’ हे विचारल्याशिवाय अर्थ राहत नाही.

११. एचआयव्ही रक्तात सुटा फिरतो ना? मग पेशीतून पेशीत थेट जाण्याची भानगड काय आहे?

तो दोन्ही प्रकारे पसरतो. बाधित टी-पेशी निरोगी टी-पेशीला स्पर्श करते, तेव्हा स्पर्शाच्या जागी दोन्ही पटलांमध्ये एक घट्ट सांधा तयार होतो आणि त्या सांध्यातून अनेक कण एकदम पलीकडे जातात. एचटीएलव्ही-१ या दुसऱ्या मानवी विषाणूचे तर सर्व काही या सांध्यावरच चालते. १९८० मध्ये वर्णन झालेला हा माणसातला पहिला रेट्रोविषाणू (एचआयव्ही ज्यात मोडतो त्या गटातला) रक्तद्रवात सुटा जवळजवळ सापडतच नाही. आईच्या दुधातून किंवा रक्तातून बाधित पेशीच जावी लागते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांना २०१० मध्ये त्याचे कण पेशीच्या बाहेरच, चिकट थराखाली साठवलेले आढळले.

अॅलेक्स सिगल यांच्यासह काही संशोधकांनी २०११ मध्ये असे दाखवले की, सांध्यातून एका पेशीत खूप कण शिरले, तर औषधाच्या उपस्थितीतही त्यांतला एखादा यशस्वी होऊ शकतो. औषधाने दहापैकी नऊ कण रोखले, पण आले शंभर, असा तो मुद्दा आहे. यावर वाद आहे. रुग्णांच्या प्लीहेतील पेशींत एकेका पेशीत विषाणूच्या अनेक प्रती आढळल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे रक्तातील पेशी तपासल्या, तेव्हा बहुसंख्य पेशींत एकच प्रत निघाली. आमच्या मते प्रयोगशाळेतील दाट पेशी-मिश्रणावरून जिवंत शरीराबद्दल फार मोठे विधान करू नये.

रुग्णांसाठी व्यवहारातली बाब निर्विवाद आहे : नियमित घेतलेली एआरटी औषधे रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका खाली आणतात. या उत्तरातील काहीही वाचून औषध थांबवू नये.

१२. कृषी सहायक घाटेअळीसाठी एचएनपीव्ही फवारायला सांगतात. तो विषाणूच आहे ना? त्याचा या विषयाशी संबंध आहे का?

संबंध अगदी जवळचा आहे. सामूहिक प्रसाराचे इतके ढोबळ, साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसणारे उदाहरण दुसरे नाही. न्यूक्लिअर पॉलिहेड्रोसिस विषाणूचे (एनपीव्हीचे) अनेक कण पॉलिहेड्रिन नावाच्या प्रथिनाच्या स्फटिकात विटांसारखे चिणलेले असतात. या स्फटिकाला बहुतलीय पिंड म्हणतात. पान खाताना अळी तो गिळते. तिच्या आतड्यातील रस तीव्र अल्कधर्मी असतो, त्यात स्फटिक विरघळतो, आणि आतले सर्व कण आतड्याच्या पेशींसमोर एकाच वेळी मोकळे होतात. काही जातींत, उदाहरणार्थ तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीच्या विषाणूत, एका आवरणात अनेक जनुककण असतात, म्हणजे गटात आणखी एक गट असतो. घाटेअळीच्या विषाणूत एका आवरणात एकच जनुककण असतो, पण स्फटिकात असे अनेक असतात.

मात्रा एल.ई. मध्ये, म्हणजे अळी-समतुल्यात सांगतात, एक एल.ई. म्हणजे ६०० कोटी पिंड. हरभऱ्यावर हेक्टरी २५० ते ५०० एल.ई. अशी शिफारस असते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हा या स्फटिकाचा मोठा शत्रू असल्यामुळे फवारणी संध्याकाळी करतात, आणि काही शिफारशींत द्रावणात नीळ मिसळतात, तीही याच कारणासाठी. अळ्या लहान असतानाच फवारावे. मोठी अळी मरण्याआधी बरेच घाटे फस्त करते. बाधित अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते, उलटी लटकून मरते, तिची कातडी फाटते आणि खालच्या पानांवर नवे पिंड ठिबकतात. हा विषाणू माणसाला, जनावरांना किंवा मधमाश्यांना बाधत नाही.

१३. जळगावकडे केळीवर ‘हरण्या’ येतो. त्याच्या विषाणूचे तुकडे वेगवेगळ्या कणांत असतात, असे ऐकले. हे कसे शक्य आहे?

हरण्या रोग काकडी मोझॅक विषाणूमुळे, म्हणजे शेतकरी ज्याला सीएमव्ही म्हणतात त्यामुळे होतो, आणि तुम्ही ऐकले ते खरे आहे. इन्फ्लुएन्झाचे आठ तुकडे निदान एकाच कणात भरायचे असतात; या विषाणूचा पहिला तुकडा एका कणात, दुसरा दुसऱ्या कणात आणि तिसरा तिसऱ्या कणात असतो. तीनही प्रकारचे कण झाडात पोहोचल्याखेरीज रोग उभा राहत नाही. म्हणजे याच्यासाठी सामूहिक प्रसार हा फायदा नसून जगण्याची अटच आहे.

कोडे असे की, मावा कीड एका वेळी या विषाणूच्या अगदी थोड्या कणांची यशस्वी वाहतूक करते. तरी साथी येतात, कारण मावा एकटा येत नाही, थव्याने येतो. म्हणूनच रोगट झाडे उपटून नष्ट करणे, बागेत काकडीवर्गीय आंतरपीक न घेणे, बांधावरचे तण काढणे आणि मावा आटोक्यात ठेवणे, या नेहमीच्या सल्ल्याचा हेतू तीनही कण एकत्र जुळून येण्याची संधी घटवणे हाही असतो.

याहून विलक्षण प्रकार फ्रान्समध्ये मोंपेलिए येथील स्तेफान ब्लां यांच्या गटाने २०१९ मध्ये उजेडात आणला. बाकल्याच्या शेंगेवरील एका विषाणूचे आठ तुकडे आठ वेगळ्या कणांत असतात, आणि ते झाडाच्या एकाच पेशीतही जमावे लागत नाहीत. एक तुकडा या पेशीत, दुसरा पलीकडच्या पेशीत, आणि त्यांची उत्पादने पेशींमधून फिरून परस्परांची गरज भागवतात. प्रश्न १ मध्ये सांगितलेली कसोटी येथे मोडते, हे आम्हाला मान्य आहे. केळीच्या पर्णगुच्छ रोगाचा विषाणू याच कुळातला असून त्याचे तुकडे सहा आहेत.

१४. गटात काही विषाणू फुकटचे खात असतील ना?

असतात, आणि भरपूर असतात. जनुकसंचाचा मोठा भाग गमावलेले अर्धवट विषाणू स्वतः काहीच बनवत नाहीत, पण दुसऱ्याने बनवलेली प्रथिने वापरून स्वतःच्या प्रती काढून घेतात. आणि जनुकसंच आखूड असल्यामुळे त्यांची नक्कल लवकर उतरते. आयत्या बिळावर नागोबा, असा हा प्रकार. डेन्मार्कच्या प्रेबेन फॉन मॅग्नस यांना इन्फ्लुएन्झात हे प्रथम जाणवले, आणि १९७० मध्ये अॅलिस हुआंग आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी त्यांना सदोष बाधक कण असे नाव दिले.

सुटे पसरताना हे फुकटे मार खातात, कारण रिकाम्या पेशीत एकट्याने उतरलेला फुकट्या संपतो. गुठळीत मात्र त्याच्या शेजारी पूर्ण विषाणू कायम असतो. सान्हुआन यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवले की, गुठळ्यांतून पसरणाऱ्या विषाणूत सदोष कण वाढीस लागतात. सामूहिक प्रसाराची ही किंमत आहे, आणि सगळ्या विषाणूंनी हा मार्ग का स्वीकारला नाही याचे एक उत्तरही आहे (दुसरे प्रश्न १६ मध्ये). या फुकट्यांना औषध म्हणून वापरता येईल का, यावर संशोधन चालू आहे.

१५. विषाणू ‘सहकार्य’ करतात म्हणजे ते ठरवून करतात का?

नाही. विषाणूला मेंदू नाही, इच्छा नाही आणि पेशीबाहेर असताना चयापचयही नाही. ‘सहकार्य’, ‘फुकटा’, ‘त्याग’ हे उत्क्रांतिशास्त्राचे आखूड शब्द आहेत : ज्या गुणधर्मामुळे इतरांच्या प्रती वाढतात, त्याला सहकार्य म्हणायचे. आम्हीही ते वापरतो, पण जपून.

तरीही काही निरीक्षणे वाचून माणूस थबकतो. इस्राएलमधील रोटेम सोरेक यांचा गट जिवाणूंमधील संदेशवहन शोधत असताना, २०१७ मध्ये त्यांना विषाणूंमधीलच संदेश सापडला. एक जिवाणुभक्षी विषाणू प्रत्येक संसर्गात सहा अॅमिनो आम्लांचा एक छोटा पेप्टाइड सोडतो. परिसरात तो पेप्टाइड साठला, म्हणजे बरेच जिवाणू आधीच मेले आहेत, की नंतरचे विषाणू जिवाणू फोडायचे सोडून त्याच्या जनुकसंचात दडून बसतात. दुसरे उदाहरण २०१८ मधले आहे. क्रिस्पर या विषाणूविरोधी यंत्रणेने सज्ज असलेल्या जिवाणूवर हल्ला करणारा पहिला विषाणू बहुधा मारला जातो, पण मरताना जिवाणूचे संरक्षण थोडे बोथट करून जातो, आणि त्यानंतर आलेला विषाणू जिंकतो. येथे कण एकत्र येतही नाहीत. गट काळात पसरलेला असतो.

१६. फ्लू आणि कोविडमध्ये एका माणसाकडून दुसऱ्याकडे एक-दोनच विषाणू जातात, असे जनुकीय अभ्यास सांगतात. मग वरचे सगळे खोटे का?

हा या पानावरचा सर्वांत चांगला आक्षेप आहे. रुग्ण आणि त्याच्यापासून बाधित झालेला माणूस यांच्यातील विषाणूंच्या जनुकीय छटा ताडून पाहिल्या, तर फ्लूमध्ये बहुतेकदा एक किंवा दोनच वेगळ्या वंशावळी पलीकडे पोहोचलेल्या दिसतात. कोविडमध्येही आकडा असाच लहान आहे. श्वसनमार्गाच्या या आजारांत एका यजमानाकडून दुसऱ्याकडे जाण्याची वाट अत्यंत चिंचोळी आहे, हे मान्यच करावे लागते. इन्फ्लुएन्झातील सामूहिकता (प्रश्न ४) मुख्यतः एकाच शरीरातील शेजारच्या पेशींमध्ये कामाला येते.

पण हे अभ्यास वंशावळी मोजतात, कण नव्हे. एकाच पेशीत तयार झालेले वीस कण एका पिशवीतून गेले आणि ते सर्व जवळजवळ सारखे असले, तर जनुकीय हिशेबात ते एकच दिसतील. म्हणून चिंचोळी वाट आणि सामूहिक प्रवास या गोष्टी परस्परांना खोडत नाहीत.

आणि काही विषाणू गर्दी चक्क टाळतात. देवीच्या लशीत वापरलेला व्हॅक्सिनिया विषाणू पेशीत शिरल्यावर लवकरच तिच्या पृष्ठभागावर दोन प्रथिने मांडतो. नंतर आलेला कण तेथे टेकला, की पेशीतील अॅक्टिन तंतू त्याला खालून ढकलून पुढच्या, अजून मोकळ्या असलेल्या पेशीकडे उडवतात. आधीच ताब्यात असलेल्या पेशीवर कण वाया न घालवण्याची ही व्यवस्था २०१० मध्ये उलगडली. जेथे मोकळ्या पेशी भरपूर आणि एकेक कण समर्थ, तेथे पांगणे परवडते.

१७. गोवर बरा झाल्यावर काही वर्षांनी मेंदूचा आजार होतो, तोही सामूहिक प्रसार आहे का?

तो आजार सबअक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस, म्हणजे एसएसपीई. गोवराचा विषाणू मेंदूत वर्षानुवर्षे दडून राहतो आणि साधारण सात ते दहा वर्षांनी हळूहळू, बहुतेक वेळा प्राणघातक अशा रूपात प्रकट होतो. तोवर त्याच्यात इतके बदल झालेले असतात की तो धड कण बनवूही शकत नाही. चेतापेशींवर गोवराचा नेहमीचा ग्राहकही नसतो. तरी तो एका चेतापेशीतून दुसऱ्या चेतापेशीत सरकतो, कारण पटले जोडणाऱ्या त्याच्या एफ प्रथिनात असे बदल झालेले असतात की ते अतिशय उतावीळपणे शेजारच्या पटलाशी जुळते, आणि त्या वाटेने उघडे जनुकसंच घोळक्याने पलीकडे जातात.

जपानमधील क्यूशू विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये यातली गुंतागुंत मांडली. एका पेशीत एफ प्रथिनाचे मूळ रूप असलेले आणि बदललेले असे दोन्ही जनुकसंच एकत्र असतात. काही बदललेली रूपे मूळ रूपाच्या सोबतीने अधिक समर्थ होतात, तर काहींना मूळ रूप खाली खेचते. आणि मेंदूत पसरण्याची क्षमता कोणत्याही एका जनुकसंचाची नसून त्या सगळ्या जमावाच्या एकत्रित जोडणी-शक्तीची असते. एकेका विषाणूचा जनुकक्रम वाचून तो मेंदूत शिरेल की नाही, हे त्यामुळे सांगता येत नाही.

एसएसपीईवर खात्रीचा इलाज नाही. लहान वयात, विशेषतः दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांना त्याचा धोका अधिक असतो. गोवर-रुबेला लशीचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत देतात; लशीतील विषाणूमुळे एसएसपीई होत नाही.